‘स्वभावच तसा आहे’ म्हणण्याआधी

निफाड तालुक्यातून येणारा अकरावीचा एक मुलगा माझ्या पहिल्या तासाला झोपायचा. सरळ बाकावर डोकं टेकवायचा नाही. हात कपाळाला लावून, पुस्तकात बघतोय असं दाखवत बसायचा आणि दहा मिनिटांत मान खाली. डिसेंबरचे दिवस होते. हजेरीपटाच्या कडेला मी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, ‘आळशी. लक्ष नाही.’ मी मानसशास्त्र शिकवते, तरी ते तीन शब्द लिहिताना मला एकदाही शंका आली नाही, याचं आजही वाईट वाटतं. मग एके दिवशी त्याच्या बाकाजवळून जाताना त्याच्या स्वेटरला धुराचा वास आला. पुढे काय झालं ते शेवटच्या पायरीत सांगते, कारण तिथेच त्याचा उपयोग आहे.

हा लेख ज्यांनी मानसशास्त्राचं पुस्तक कधी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. पालक, नव्याने शिकवायला लागलेल्या ताई, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत सुपरवायझर झालेली आणि हाताखाली पहिल्यांदाच दहा माणसं आलेली पोरं, सोसायटीचे सेक्रेटरी, घरी म्हाताऱ्या आईवडिलांचं करणारे. तयारी म्हणून एक वही आणि दोन आठवडे एवढंच लागेल. विषय म्हणून कुणातरी एकाचं एकच वागणं निवडा. जमलं तर पहिला प्रयोग स्वतःवरच करा. स्वतःची फोन बघायची सवय घेतलीत तरी चालेल.

आपल्याकडे ‘स्वभावाला औषध नाही’ अशी म्हण आहे. मला ती आवडत नाही. कारण ती म्हटली की शोध थांबतो. माणसांचे स्वभाव वेगवेगळे असतात, हे खरंच आहे. पण समोरचं वागणं स्वभावातूनच आलंय हे ठरवायच्या आधी बघण्यासारखं पुष्कळ असतं, आणि त्यातलं बरंचसं उघड्या डोळ्यांना दिसतं.

पायरी १: वागण्याला खूण ठरवा

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर एकमेकांना एकच विचारतात, ‘दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय?’ ही गोदाघाटावरची मारुतीची उंच मूर्ती, पुराची पातळी तिच्यावरूनच सांगतात. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. ‘पाणी फार आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘कमरेपर्यंत’ म्हटलं की घाटावरचा दुकानदार काय उचलायचं ते समजतो. सगळ्यांना दिसणारी एकच खूण असल्याने त्यावर वाद होत नाही.

वागण्यालाही अशी खूण लागते. ‘उद्धट’, ‘चिडका’, ‘कामचुकार’, ‘हट्टी’ हे ‘पाणी फार आहे’सारखे शब्द आहेत. वहीत ते लिहायचे नाहीत. ‘उद्धटपणा केला’ ऐवजी ‘हाक मारली तेव्हा मोबाईलमधून मान वर न करता “काय?” म्हणाला’ असं लिहा. ‘बाबा दिवसभर चिडतात’ ऐवजी ‘संध्याकाळी सहा ते नऊमध्ये तीन वेळा आवाज चढवला’ असं लिहा. खूण नीट झाली का, हे तपासायला एक सोपी परीक्षा आहे. घरातल्या दुसऱ्या माणसाला तेच मोजायला सांगा आणि रात्री दोघांचे आकडे ताडून पाहा. आकडे जवळपास जुळले तर खूण चांगली. एकाचे तीन आणि दुसऱ्याचे अकरा आले, तर तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होतात.

पहिले तीन दिवस फक्त मोजायचं. सुधारायला जायचं नाही, बोलून दाखवायचं नाही. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची वही इथेच बंद पडते.

पायरी २: तीन रकाने

आता वहीचं पान आडवं धरा आणि तीन रकाने आखा: आधी काय झालं, मग काय केलं, नंतर काय मिळालं. वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांचं हे रोजचं हत्यार आहे. मधला रकाना सगळेच बघतात. खरं गुपित दोन्ही कडांना असतं.

माझी नऊ वर्षांची पुतणी गृहपाठाला बसली की तिचं पोट दुखायचं. आधी डॉक्टरांना दाखवलं. ही पायरी कुणीही गाळू नये, मूल ‘नाटक करतंय’ असं परस्पर ठरवणं अन्यायाचं आहे. डॉक्टरांनी काही नाही म्हटल्यावर जाऊबाईंनी आठवडाभर वही ठेवली. सोमवारी आधीच्या रकान्यात ‘गणिताचं पुस्तक काढलं, मी स्वयंपाकघरात’. मधे ‘पोट दुखतंय म्हणाली, गुडघे पोटाशी घेतले’. नंतरच्या रकान्यात ‘बेंबीला हिंग लावला, शेजारी बसले, गणित उद्यावर’. मंगळवारी मराठीचं शुद्धलेखन होतं, पोट दुखलं नाही. बुधवारी गणित, पोटदुखी, हिंग. गुरुवारीही गणितच होतं, पण काका घरी होते आणि सुरुवातीपासून शेजारी बसले होते. पोट दुखलं नाही.

चार ओळींत केवढं कळलं बघा. पोटदुखीनंतर मुलीला दोन गोष्टी मिळत होत्या: आईचा हात आणि गणितातून सुटका. ती खोटं बोलत होती असं मला आजही वाटत नाही. भीतीने पोटात खरोखर कळ येते, प्रौढांनाही येते. पण कळ आल्यावर जे मिळत गेलं, त्याने ती कळ टिकून राहिली. उपाय अगदी साधा निघाला. आईने गणिताची पहिली दहा मिनिटं, काही दुखायच्या आधीच, पोळ्यांचं काम बाजूला ठेवून शेजारी बसायचं. जे मूल आजारी पडून मिळवत होतं, ते न मागता आधीच द्यायचं.

पायरी ३: शिकण्याचे दोन रस्ते ओळखा

हा भाग थोडा मोठा आहे. पण इथे गोंधळ झाला तर पुढचं सगळं चुकतं.

सकाळी गल्लीच्या टोकाला घंटागाडी वाजली की काय होतं ते आठवा. छातीत बारीकसं धस्स होतं, ‘अरे, डबा राहिला!’ हे धस्स होणं आपण ठरवून करत नाही. तो आवाज आणि कचरा राहिल्यावर होणारी धावपळ इतक्या वेळा जोडीने आली आहेत, की आता नुसता आवाज पुरतो. हा पहिला रस्ता. रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह कुत्र्यांच्या पचनावर काम करत होते, आणि १९०४चं नोबेल त्यांना त्या पचनाच्या कामासाठीच मिळालं. काम करताना त्यांच्या लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच, अन्नाच्या नुसत्या चाहुलीने कुत्र्यांना लाळ सुटते. मग त्यांनी मेट्रोनोमची, म्हणजे ताल देणाऱ्या यंत्राची, टिकटिक आणि इतर खुणा अन्नाशी जोडून हेच पद्धतशीर तपासलं. पाठ्यपुस्तकात याला अभिजात अभिसंधान म्हणतात. इंजेक्शनची सुई दिसली की आक्रसणारा दंड, शाळेचं फाटक दिसलं की कोरडा पडणारा घसा, मिसळीच्या तर्रीचा वास आला की तोंडाला सुटणारं पाणी, हे सगळं याच रस्त्याने येतं.

पण घंटागाडी ऐकून आपण उठतो, ओला-सुका वेगळा केलेला डबा उचलतो आणि जिना उतरतो, तो दुसरा रस्ता. ते आपण करतो, कारण ते केल्याने घरातला कचरा जातो. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८च्या सुमारास मांजरांना कळ दाबली की दार उघडेल अशा पेटीत ठेवून हे दाखवलं. ज्या हालचालीने दार उघडे ती मांजर पुढच्या वेळी लवकर करे, निरुपयोगी हालचाली गळून जात. पुढे बी. एफ. स्किनर यांनी याचं मोठं शास्त्र उभं केलं. याचं नाव साधक अभिसंधान. एखाद्या वागण्यानंतर असं काही घडलं की ते वागणं वाढलं, तर त्या घडण्याला प्रबलन म्हणायचं. प्रबलन म्हणजे बक्षीसच, असं समजू नका. काय वाढलं हे बघूनच प्रबलन कशाने झालं ते कळतं. वर्गात मुद्दाम पेन्सिल पाडणाऱ्या मुलाला माझं ओरडणं हेच प्रबलन असू शकतं, कारण त्यामुळे पंचेचाळीस माना त्याच्याकडे वळतात.

दोन रस्ते वेगळे का ओळखायचे? कारण उपाय वेगळे असतात. पाण्याला घाबरणाऱ्या मुलाला पोहण्याच्या तलावापाशी चॉकलेट देऊन भीती सहसा जात नाही. तिथे आधी काठावर बसणं, मग पाय सोडणं, मग कमरेपर्यंत, असं हळूहळू पाणी आणि निवांतपणा यांची नवी जोडी घालावी लागते. उलट, दप्तर जागेवर न ठेवणाऱ्याला धीर देऊन काही होत नाही, तिथे नंतरच्या रकान्यात बदल करावा लागतो.

ऋण प्रबलन हा शब्द परीक्षेत सगळ्यात जास्त चुकतो. बहुतेक जण त्याला शिक्षा समजतात. तसं नाही. नकोशी गोष्ट टळली म्हणून वागणं वाढणं, ते ऋण प्रबलन. मुलाने कमी मार्कांची उत्तरपत्रिका गादीखाली लपवली, त्या संध्याकाळी बोलणी खावी लागली नाहीत, तर लपवणं वाढणार. म्हणजे आपण जितकी जास्त धास्ती घालू तितकं लपवणं जास्त फायद्याचं ठरतं. हे घरोघरी घडतं, आणि आईबाप म्हणत राहतात, ‘एवढा मारला तरी खोटं बोलतोच.’

शिक्षेबद्दल एवढंच सांगते. ती जिथे आणि ज्याच्यासमोर होते, तेवढ्यापुरतं वागणं बदलते. २०२१ साली शहरात हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, अशी मोहीम पोलिसांनी काढली होती. तेव्हा पंपाच्या रांगेत एकच हेल्मेट तीन डोक्यांवर फिरताना मी पाहिलं आहे. हेतू चांगला होता. पण पेट्रोल मिळत होतं ते पंपावर हेल्मेट दाखवण्याने, म्हणून रांगेत वाढलं तेही पंपावर दाखवणंच. घरात नियम करताना हे आठवा: तुम्ही नेमकं कशाला फळ देताय?

आता हट्टाकडे येऊ. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. तिथे एका आईबरोबर चारेक वर्षांचा मुलगा होता. भिंगरीसाठी रडत होता. आई कोथिंबिरीच्या जुड्या बघत पाच वेळा ‘नाही’ म्हणाली. प्रत्येक ‘नाही’नंतर आवाज एक पट्टी वर. सहाव्यांदा त्याने चिखलात बसकण मारली, बघ्यांनी मान वळवली, आणि आईने दहाची नोट काढली. तिच्या जागी मी असते तर मीही काढली असती. पण त्या मुलाने काय शिकलं? रडल्याने भिंगरी मिळते एवढंच नाही, तर चिखलात बसेपर्यंत रडावं लागतं हे. कधी मिळतं, कधी मिळत नाही, पण चिवटपणे लावून धरलं की मिळतं. अशा अधूनमधून मिळणाऱ्या फळाने जडलेली सवय मोडायला सगळ्यात अवघड असते, हे स्किनर यांच्या कामातून पक्कं झालेलं आहे. लॉटरीचं तिकीट आणि दर पाच मिनिटांनी उघडून पाहिलेला फोन, दोन्ही याच दोरीने बांधलेले असतात.

म्हणून ‘नाही’ म्हणायचं तर ते टिकणार असेल तेव्हाच म्हणा. देणारच असाल तर पहिल्याच मागणीला, हसून द्या. आणि फळ देणं बंद केलंत की एक गोष्ट पुष्कळदा होते, ती आधीच माहीत असू द्या. वागणं कमी होण्याआधी वाढतं. विझण्याआधी वात मोठी होते तसं. बहुतेक पालक नेमके या मोठ्या झालेल्या वातीला घाबरून माघार घेतात, आणि मुलाला मिळतो धडा की आणखी जोर लावायचा असतो. तीन-चार दिवस कठीण जातील असं कॅलेंडरवरच लिहून ठेवा, आणि घरातल्या आजी-आजोबांनाही सांगून ठेवा. एकाने खिडकी उघडी ठेवली तर बाकीच्यांच्या बंद दारांचा उपयोग नाही.

पायरी ४: परिस्थितीला जागा द्या

कुर्ट लेविन यांनी १९३६ मध्ये एक सूत्र मांडलं. वागणं हे माणूस आणि त्याच्या भोवतीची परिस्थिती, या दोहोंतून येतं. वाचताना यात विशेष काही वाटत नाही. पण दुसऱ्याकडे बघताना आपण सूत्राचा अर्धा भाग खोडून टाकतो. द्वारका सर्कलला कुणी आडवं गाडी घातली की तो ‘बेशिस्त’. आपण घातली की दवाखान्यात पोहोचायची घाई असते.

१९६७ मध्ये एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्याबद्दलचे निबंध वाचायला दिले. काहींना सांगितलं होतं की निबंधाची बाजू लिहिणाऱ्याने निवडलेली नाही, त्याला नेमून दिली होती. तरीही कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणारा मनातून त्याच्याच बाजूचा असणार, असं वाचणाऱ्यांना वाटलं. खरं कारण समोर लिहिलेलं असूनही नजर स्वभावावर जाते. ली रॉस यांनी १९७७ मध्ये या कलाला ‘मूलभूत चूक’ असं नाव दिलं.

आपल्यासाठी याहून महत्त्वाचं काम जोन मिलर यांचं आहे. त्यांनी अमेरिका आणि म्हैसूर इथल्या लोकांना ओळखीच्या माणसांच्या वागण्याची कारणं विचारली आणि १९८४ मध्ये निष्कर्ष छापले. लहान मुलांत फारसा फरक नव्हता. पण वय वाढेल तसे अमेरिकन स्वभावाकडे आणि भारतीय परिस्थितीकडे जास्त बोट दाखवत गेले. म्हणजे ‘त्याच्या घरी काय चाललंय कुणास ठाऊक’ असं म्हणण्याची रीत आपल्याकडे आहेच, ती बाहेरून आणायची नाही. आजी ते सहज म्हणायची. दमलेलं, चिडलेलं असताना मात्र आपण ते विसरतो. वहीत एक नियम करा: स्वभावाचा शब्द मनात आला की त्याखाली परिस्थितीची तीन कारणं लिहायची, खरी असोत-नसोत. झोप, भूक, पैसे, प्रवास, दुखणं, धाक. यातलं काही लागू पडतंय का, ते दुसऱ्या दिवशी बघायचं.

पायरी ५: आजूबाजूला कोण आहे ते मोजा

एकटं असताना आणि घोळक्यात असताना तोच माणूस वेगळा वागतो. बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ मध्ये छापलेल्या प्रयोगात विद्यार्थी खोलीत बसून फॉर्म भरत असताना भिंतीतून धूर सोडला. एकटा बसलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी बाहेर जाऊन सांगितलं. सोबत मुद्दाम गप्प राहणारे दोघं बसवले, तेव्हा दहांतल्या एकानेच. धूर डोळ्यांत जात असूनही बाकीचे फॉर्म भरत राहिले. त्यांना काळजी नव्हती असं नाही. ‘हे दोघं शांत आहेत, म्हणजे काही नसेल’ असं प्रत्येकाने इतरांच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

याचा उपयोग आजच करता येईल. मुंबई नाक्यावर कुणी पडलं आणि माणसं गोळा झाली, तर ‘कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा’ असं ओरडू नका. ‘कुणीतरी’ म्हणजे कुणीच नाही. एकाकडे बोट करा: ‘अहो निळा शर्ट, १०८ ला लावा. ताई, तुम्ही पाणी द्या. दादा, गाड्या थांबवा.’ नेमकं काम मिळालं की तीच थिजलेली माणसं धावतात. हे मी दोनदा स्वतः अनुभवलं आहे.

गर्दीबद्दल नाशिककरांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा जीव गेला. अशा प्रत्येक घटनेनंतर ‘लोक बेभान झाले’ असं बोललं जातं. गर्दीचा अभ्यास वेगळं सांगतो. एका चौरस मीटरमध्ये सात माणसं झाली की कुणाच्या पायांवर त्याचा स्वतःचा ताबा उरत नाही, गर्दी पाण्यासारखी हेलकावते. मागच्याला पुढचं काही दिसत नसतं, तो फक्त पुढे सरकत असतो. तिथे कुणाचाही स्वभाव शोधण्यात अर्थ नाही. बघायची ती रस्त्याची रुंदी आणि वेळेचं नियोजन. २०२७ च्या सिंहस्थात घाटावर स्वयंसेवक म्हणून उभे राहणार असाल तर हे आत्ताच ध्यानात घ्या.

पायरी ६: स्वतःला चुकीचं ठरवून पाहा

हा खेळ आज रात्री जेवताना करा. घरच्यांना सांगा, ‘२, ४, ६ हे आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, मी हो-नाही म्हणेन. खात्री झाली की नियम सांगा.’ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये हाच खेळ प्रयोग म्हणून केला. लोक ८, १०, १२ म्हणतात. हो. २०, २२, २४. हो. मग आत्मविश्वासाने सांगतात, ‘दोन-दोनने वाढणारे सम आकडे.’ चूक! नियम एवढाच असतो की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, २, ९ चालले असते, पण ते फारसं कुणी विचारून बघत नाही. ‘नाही’ ऐकायला मिळेल असा प्रश्नच आपण टाळतो.

माणसांच्या बाबतीतही हेच. ‘जाऊ मुद्दाम उशीर करते’ असं ठरलं की ती उशिरा आलेले पाच दिवस लख्ख आठवतात, वेळेवर आलेले पंचवीस पुसले जातात. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर लिहा: माझा अंदाज चुकीचा असेल तर मला काय दिसायला हवं? आणि पुढचे तीन दिवस फक्त तेच शोधा.

पायरी ७: छोटा बदल करून बघा

सवय लागायला २१ दिवस लागतात, हे सगळीकडे ऐकू येतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक नवी सवय धरली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं दिसलं, कुणाला १८, कुणाला २५४. एखादा दिवस चुकला म्हणून फार बिघडत नाही, हेही दिसलं. म्हणून २२व्या दिवशी जमलं नाही तर स्वतःला नावं ठेवू नका.

नवी सवय जुन्या सवयीच्या शेपटीला बांधा. ‘रोज चालायला जाईन’ हे संकल्पापुरतं ठीक आहे. ‘सकाळचा चहाचा कप सिंकमध्ये ठेवला की बूट घालीन आणि गोल्फ क्लबच्या मैदानाला दोन फेऱ्या मारीन’ हे घडतं. पीटर गोलविट्झर यांनी अशा ‘हे झालं की ते करीन’ पद्धतीच्या ठरावांवर बरंच काम केलं आहे. बूट रात्रीच दाराशी ठेवा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

कुठे थांबायचं

या वहीने कुणालाही आजाराचं नाव द्यायचं नाही. मोबाईलवरच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओवरून नवऱ्याला, सुनेला, साहेबांना मानसिक आजारांची नावं चिकटवण्याची लाट आली आहे, आणि तिने फार नुकसान होतंय असं माझं ठाम मत आहे. ती नावं म्हणजे नव्या भाषेतलं ‘स्वभावाला औषध नाही’च. झोप-भूक बदललीय, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्यात, आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाचं बोलणं निघालं तर दोन आठवडे काय, दोन तासही वाट बघू नका. १४४१६ ही सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पुढे वाचायचं असेल तर अकरावी-बारावीचं मानसशास्त्राचं मराठी पाठ्यपुस्तक ही सगळ्यात चांगली सुरुवात. ते झालं की सावानात, म्हणजे १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात, मानसशास्त्राची मराठी पुस्तकं बघायला जा.

पायरी ८: विचारा

वही भरली की ज्याच्याबद्दल भरली त्याला विचारा. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न नको, त्याने माणूस बचावाला उभा राहतो. ‘काल रात्रीपासून आत्तापर्यंत काय काय झालं ते सांगशील?’ असं विचारा.

त्या मुलाला मी मधल्या सुट्टीत तेच विचारलं. त्याने खालमानेने सांगितलं. निफाडचा पारा पाचच्या खाली गेला की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटत्या ठेवाव्या लागतात, नाहीतर मणी तडकतात. वडिलांची पाठ धरलेली, म्हणून दोनपासून पाचपर्यंतची पाळी त्याची. पहाटे ठिबक सुरू करायचं, आणि सहाची गाडी धरून माझ्या तासाला यायचं. ‘मॅडम, गाडीत झोपलो तर स्टॉप जातो,’ तो म्हणाला, ‘म्हणून गाडीत उभाच राहतो.’

मी हजेरीपटावरचे तीन शब्द खोडले आणि रकाने आखले. त्याला खिडकीशेजारी, वाऱ्याच्या बाजूला जागा दिली. फळ्यावर लिहायचं काम पहिल्या तासाला त्याच्याकडे दिलं, म्हणजे तो उभा राहील. आधीच्या आठवड्यात सहांपैकी पाच दिवस त्याला झोप लागली होती, नंतरच्या आठवड्यात एक दिवस. पण त्याच आठवड्यात थंडीही ओसरली होती आणि शेकोट्या बंद झाल्या होत्या. फरक माझ्या उपायाने पडला की हवेने, ते त्या पानावरून सांगता येत नाही. जानेवारीत पुन्हा पारा उतरला, तेव्हा मी वहीत तारखेशेजारी निफाडचं तापमान लिहायला सुरुवात केली.